बर्फाची वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बायका टँकर मागायला गेल्या. साहेबांनी विचारलं, “विहीर दरवर्षी कधी आटते?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कुणी लिहून ठेवलंच नव्हतं!

क्लेअर पार्किन्सन या अमेरिकन बाईंनी मात्र लिहून ठेवलं. गणित शिकलेल्या क्लेअरताई १९७८ मध्ये ‘नासा’त रुजू झाल्या. ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणारा बर्फ, हा त्यांचा विषय. तिथे महिनोन्‌महिने अंधार, वर ढग. पण मायक्रोवेव्ह टिपणाऱ्या उपग्रहांना त्याची अडचण नसते. त्या नोंदींची त्यांनी चाळीस वर्षांची वही मांडली.

त्या बर्फाचं आपल्याला काय? उन्हात काळी साडी जास्त तापते ना, तसंच हे. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो गेला की खालचं गडद पाणी ऊन पिऊन घेतं, आणि समुद्र तापला की हवाही तापते.

उत्तरेचा बर्फ घटतच होता. दक्षिणेचा मात्र वाढत वाढत २०१४ मध्ये उच्चांकावर गेला. “बघा, काही बिघडलं नाही,” म्हणणारे होतेच. पुढच्या तीनच वर्षांत ती सगळी वाढ पुसली गेली! २०१९ मध्ये क्लेअरताईंनी हे जगापुढे मांडलं. २०१४ लाच वही मिटली असती तर?

आमच्या विहिरीची वही यंदा सुरू झालीय. दर सोमवारी दोर सोडून मुलीच पाणी मोजतात. तुमच्या गावात कोण लिहितंय?