फ्रिज शाबूत आला, चौकट मात्र फुटली

नवा फ्रिज येणार म्हणून घरात सकाळपासून गडबड असते. पोरं खोक्याभोवती नाचत असतात. तुम्ही फ्रिज आणणाऱ्या माणसांसाठी पाणी आणायला आत जाता. तेवढ्यात दाराच्या चौकटीचा कोपरा उडतो, नाहीतर उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लांब ओरखडा उठतो. "कुछ नहीं होता साब," म्हणत त्यांच्यातला एक सहीसाठी कागद पुढे करतो.

इथेच थांबा. सही लगेच करू नका.

बंगळुरूतल्या मराठी घरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी आलेले, भाड्याच्या घरात राहणारे. या शहरात घरमालकाकडे भाड्याच्या कितीतरी पट डिपॉझिट अडकलेलं असतं. जुन्या रिवाजानं तर दहा महिन्यांचं भाडं. घर सोडताना मालक चौकट बघेल, फरशी बघेल आणि पैसे कापेल. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या फ्रिजची गोष्ट सांगून काही उपयोग होणार नाही. म्हणून ज्या दिवशी नुकसान झालं त्याच दिवशी मालकाला फोटो पाठवा. कधी, कशानं, कोणाकडून झालं ते एका मेसेजमध्ये लिहा. दुरुस्ती मी करून घेतो, असंही कळवा. लपवू नका.

आता त्या सहीकडे येऊ. चलनावर बहुतेक वेळा 'माल सुस्थितीत मिळाला' असं आधीच छापलेलं असतं. नुसती सही केलीत तर पुढे दुकान तोच कागद दाखवेल. म्हणून सहीच्या वर स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा. इंग्रजीत लिहा, म्हणजे दुकानात कोणालाही वाचता येईल. फ्रिज आत आणताना मुख्य दाराची चौकट फुटली, हॉलच्या तीन फरश्यांना ओरखडे गेले, तारीख, वेळ. एवढं पुरे. मग त्या कागदाचा फोटो काढा. मोबाइलवर ओटीपी मागत असतील तर आधी फोटो काढा, दुकानाला मेसेज टाका, मगच ओटीपी सांगा.

माल आणणाऱ्या पोरावर आवाज चढवू नका. चार मजले ओझं वाहून तो आलेला असतो. भरपाई दुकानानं द्यायची, त्याच्या खिशातून नव्हे. तो घाबरून पाचशे रुपये पुढे करेल. ते घेऊ नका. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर विचारून घ्या, पाणी द्या, जाऊ द्या. सोसायटीच्या गेटवर त्याची नोंद झालेली असते, रजिस्टरमध्ये किंवा ॲपवर. तिचाही फोटो ठेवा. लिफ्टचा कॅमेरा असेल तर असोसिएशनला त्या तासाचं चित्रण जपून ठेवायला त्याच दिवशी लेखी सांगा. अशी चित्रणं काही दिवसांनी पुसली जातात.

फोटो काढताना एक लांबून घ्या, म्हणजे कुठली खोली ते कळेल. एक जवळून घ्या, बाजूला मोजपट्टी धरून. खोका आणि ढकलगाडीही फ्रेममध्ये येऊ द्या. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोत काढल्याची तारीख-वेळ बहुधा उरत नाही.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. दोन कारागिरांकडून घ्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बसवनगुडी, मल्लेश्वरमकडच्या जुन्या घरांत लाल ऑक्साइडची जमीन असते. ती सलग ओतलेली, वर्षानुवर्षं पुसून चकाकलेली. तिच्यात खोल चरा गेला तर तेवढाच तुकडा बुजवून भागत नाही. नवा लाल जुन्या लालाशी जुळत नाही, ठिगळ दिसतं. कारागिराला हे कागदावर लिहायला सांगा, म्हणजे खोलीभर काम का करावं लागतंय ते दुकानाला कळेल. नव्या फ्लॅटमध्ये उलटा प्रकार. बिल्डरनं जादा दिलेल्या टाइल्स माळ्यावर पडलेल्या असतील तर तीन टाइल्स बदलून काम होतं. मग तीनच टाइल्सची मजुरी मागा. संधी मिळाली म्हणून अख्ख्या हॉलची फरशी मागू नका. रास्त मागणी नाकारणं दुकानाला जड जातं, फुगवलेली मागणी सहज नाकारता येते.

दुकानवाले दोन गोष्टी हमखास म्हणतील. पहिली, "मशीन तर चांगलं आहे ना?" मशीन चांगलं असणं वेगळं आणि तुमचं घर वेगळं. माल घरात नीट पोचवणं हा त्यांच्या सेवेचाच भाग आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतल्या निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते. दुसरी गोष्ट, "ती माणसं आमची नाहीत, वाहतूक कंपनीची आहेत." तुम्ही पैसे दुकानाला दिलेत, बिल दुकानाचं आहे. वाहतूकदार त्यांनी नेमला, त्याच्याशी हिशेब त्यांनी करावा. बिलामागे बारीक अक्षरात 'जबाबदारी नाही' असं छापलेलं असलं तरी तेवढ्यानं मागे फिरू नका.

जोडणी करणारा मेकॅनिक मात्र बहुतेकदा मशीनच्या कंपनीकडून येतो. वॉशिंग मशीनचा पाइप सैल राहिला आणि खालच्या घराच्या छताला ओल आली, तर पत्र दुकान आणि कंपनी दोघांनाही लिहा. नळ आणि वीज आधी बंद करा. तिथे फोटोंसाठी थांबायचं नाही.

पत्र साधं असू द्या. बिल नंबर, तारीख, काय झालं, किती खर्च, पंधरा दिवसांत द्या. ईमेल करा आणि छापील प्रत स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. फोनवर कोणी गोड बोललं तर फोन ठेवल्यावर लगेच 'आपलं असं बोलणं झालं' असा ईमेल टाका. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निवारण करायला हवं.

दुकानवाले कदाचित गिफ्ट कूपन पुढे करतील. सोबतचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नका. 'यापुढे काही मागणी नाही' असं त्यात असेल आणि कूपन पाचशेचं, सुताराचा अंदाज सहा हजारांचा असेल, तर नाही म्हणा.

उत्तर आलं नाही तर १९१५ वर फोन लावा. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं. ते दुकानाला हुकूम देऊ शकत नाहीत, पण तक्रार पुढे पोचवतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं हालचाल होते.

तरीही ढिम्म राहिले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नावाला बिचकू नका. वकील लावलाच पाहिजे असं नाही. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. दुकानाचं मुख्य ऑफिस मुंबईला असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. ई-जागृती संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते. मुदत नुकसान झाल्यापासून दोन वर्षांची, पण तोवर वाट बघू नका. निकालाला कायद्यात साधारण तीन महिने सांगितलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची तयारी ठेवा.

रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका. नागसंद्रच्या आयकियात एका ग्राहक बाईंकडून पिशवीचे २० रुपये घेतले गेले. त्या आयोगात गेल्या. २०२३ मध्ये निकाल लागला. ते २० रुपये परत देण्याचा आणि वर भरपाई व खर्चापोटी ३,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

पुढच्या वेळी मशीन मागवाल तेव्हा आदल्या दिवशी दार, जिना आणि लिफ्ट मोजून दुकानाला कळवा. वाटेवर जुने पुठ्ठे अंथरा. माणसं यायच्या आधी दारापासून आतपर्यंत फोनवर एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा, आणि ती आत असताना पाणी आणायला घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.