सॅल्मनप्रेमींचं पार्किंग

सिएटलच्या परिसरात सॅल्मनवर प्रेम करणं फार सोपं आहे. भिंतीभिंतीवर त्याचं चित्र, इसाक्वाला दर ऑक्टोबरात त्याची जत्रा, मत्स्यबीज केंद्राच्या काचेला नाक लावून उभी पोरं. रेडमंड-समामिशकडची आम्ही मराठी मंडळीही पाहुण्यांना तिथं हौसेनं नेतो. गाडीनंच नेतो, आणि गोची तिथंच आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस सिएटलनं आपले ओढे सुधारायला घेतले. खडी टाकली, झाडं लावली. मासे परतलेही. पण पाऊस पडून गेला की कोहो जातीचे सॅल्मन तोंडं वासून, गोल गोल फिरत मरायचे. लाँगफेलो ओढ्यात माद्या मेल्या त्या पोटातल्या अंड्यांसकट. त्याच पाण्यात चम सॅल्मन मात्र धडधाकट. कारण सापडायला २०२०चा डिसेंबर उजाडला. टायरला ओझोननं तडे जाऊ नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी घालतात. ओझोनशी गाठ पडली की त्याचंच विष होतं. टायर झिजतो, पाऊस तो कचरा ओढ्यात नेतो, कोहो काही तासांत खलास. ‘माझी गाडी इलेक्ट्रिक आहे’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ती बिनटायरची चालवून दाखवावी.

सरकारची तऱ्हा तर आणखी न्यारी. रस्त्याखालच्या मोऱ्यांनी माशांची वाट अडवली म्हणून मूळच्या जमातींनी २००१ साली राज्याला कोर्टात खेचलं. १८५५च्या सुमाराच्या तहांत जमीन सोडताना त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. राज्याचं म्हणणं काय, तर प्युजेट साउंड या इथल्या खाडीला मिळणारा सॅल्मनचा एकूण एक ओढा अडवायचाही आपल्याला तहानं हक्क आहे! (अपील न्यायालयानं हे निकालपत्रात लिहून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर मलाच थापाड्या म्हटलं असतं.) आणि या राज्याचं टोपणनाव ‘एव्हरग्रीन’. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाली, जमातींच्या बाजूनं लागलेला खालचा निकाल टिकला, आणि अब्जावधी डॉलरचं मोऱ्या बदलण्याचं काम राज्याच्या गळ्यात पडलं.

बदला की. पण मोरी ओलांडून वर पोचलेल्या कोहोसाठी तिथं आमच्या डांबराचंच पाणी आहे. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर कोहो जगतो, हे प्रयोगांत दिसलंय. उपाय मातीचा आहे. त्याला जागा लागते, आणि जागा म्हटलं की पार्किंग आठवतं. आमच्या वसाहतीच्या बैठकीत पाणी मुरवायला गाड्यांची थोडी जागा मागितली, तर सगळ्यांना एकदम फोन आले. कुंपणावर सॅल्मन रंगवायचा ठराव मात्र एकमतानं मंजूर.

टायरमधलं हे रसायन बंद करा, असा अर्ज २०२३ साली केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे गेला. अर्जदार होत्या यूरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या तीन जमाती. आमच्या मोटारवाल्या उपनगरांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं.