आधी पत्र्याची पेटी उघडा



लावणी उरकली की खाचरात पाणी राखायचे आणि बेणणी करायची, एवढेच काम उरते. या दिवसांत मावळात फिरतीवर गेलो की बांधावर खोडकिडा आणि करप्याची चौकशी होते. मग ओटीवर चहा घेताना हमखास दुसरा प्रश्न निघतो, "साहेब, आमच्या म्हातारीला काही पेन्शन बसेल का? घरकुल मिळेल का?" पेन्शन हे काही माझे खाते नव्हे. पण दोन वर्षांखाली माझ्या चुलतीसाठी या साऱ्या कचेऱ्या मी पायांखाली घातल्या. त्यातून जे कळले ते तुमच्या उपयोगी पडेल.

बहुतेक जण सुरुवात योजनेपासून करतात. कुणाला तरी श्रावणबाळ मिळाले, मग आपणही तोच अर्ज आणायचा. माझे म्हणणे, आधी म्हाताऱ्या माणसाची पत्र्याची पेटी उघडावी. त्यात काय काय निघते ते पाहावे आणि त्या माणसाचे आयुष्य कसे गेले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. हक्क पुष्कळदा तिथेच सापडतो.

काकीला विचारले तर ती म्हणाली, "आरं, मी काय नोकरी केली व्हय पेन्शन मिळायला?" तिने नव्हती केली, पण काकांनी केली होती. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मावळातली कितीतरी तरणी पोरे पहाटेच्या गाडीने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाऊ लागली. काका त्यांतलेच. १९७९ पासून २००३ पर्यंत त्यांनी एकाच कारखान्यात काढली. कारखाना बंद पडला, फंड हाती आला, त्यातून विहिरीचे काम झाले आणि विषय संपला असे सर्वांनी धरले. २०१२ साली काका गेले.

फंड उचलला म्हणजे पेन्शनही संपले, ही समजूत गावोगाव आहे आणि ती चुकीची आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कारखान्याच्या कामगारांना कर्मचारी निवृत्तीवेतन योजना लागू झाली. आधीच्या १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेतले लोक तीत आपोआप आले. दहा वर्षांची नोकरी भरली असेल तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क असतो आणि कामगाराच्या मागे त्याच्या विधवेला तो मिळतो. २०१४ पासून ही रक्कम महिना १,००० रुपयांच्या खाली जात नाही. पेटीत काकांची एक पगारपत्रिका निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण फंडाचा नंबर शाबूत होता. तेवढ्यावर १०-डी क्रमांकाचा अर्ज भरता आला. मृत्यूचा दाखला, बँकेचे पुस्तक, आधार, फोटो जोडले. सहा-सात खेपा झाल्या, पण पेन्शन सुरू झाले. तुमच्या घरात कुणी पिंपरीला, तळेगावला किंवा खोपोलीला कामाला होते काय, हे आधी आठवा. पगारपत्रिका, गेटपास, फंडाची पावती, काहीही असो, ते चुलीत घालू नका.

आता श्रावणबाळ. ही राज्याची योजना ६५ वर्षे पुरी झालेल्या निराधार माणसांसाठी आहे. त्याआधीच्या वयातल्या विधवा, अपंग, निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, ती १९८० पासूनची. मूळ अनुदान दोन्हीकडे २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले. माणसाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे, नाहीतर वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत हवे. या २१,००० ला बाराने भागा, महिना १,७५० येतात. आजच्या दिवसांत हा आकडा फारच तोकडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नियम आहे तो आहे. काकीला फंडाच्या कचेरीतून मिळणारे पैसे आम्ही अर्जात उघड लिहिले. गावात एकाने सल्ला दिला होता, "ते सांगूच नका." आधार एकच, बँक एकच, मग लपवून कुठे जाणार? काय ते कागदावर सांगावे आणि निर्णय तालुक्याच्या समितीला करू द्यावा.

अर्ज वडगावच्या तहसील कचेरीत संजय गांधी शाखेत जातो. रहिवासाचा दाखला किमान १५ वर्षांचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. हे कागद मिळतात. खरी अडचण वयाची होती. काकीच्या आधारावर जन्मसाल १९६३ पडले आहे. तिचा थोरला मुलगा बहात्तरच्या दुष्काळात झाला. म्हणजे आधार खरे धरले तर नवव्या वर्षी बाळंतपण! आधार काढताना कुणीतरी अंदाजाने आकडा सांगितला आणि तो कायमचा चिकटला. ती शाळेत गेलेली नाही, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. तिच्या माहेरी, पवन मावळात, कोतवाल बुकाचा शोध घेतला. जुनी पाने मोडीत लिहिलेली. नोंद सापडली, पण तीत "मुलगी" एवढेच लिहिलेले, नाव नाही. त्या काळी मुलीचे नाव कोण लिहीत होते? शेवटी मतदार यादीचा उतारा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला अर्जाला लावला. आधारावरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. तेव्हा पुरावा पक्का हाती आल्याशिवाय त्या केंद्रावर जाऊ नका. नावाचेही तेच. सातबारावर एक, आधारावर दुसरे, बँकेत तिसरे, असे असेल तर आधी ते जुळवून घ्या. अनुदान आता आधार जोडलेल्या खात्यातच पडते.

बायाबापड्यांसाठी आणखी एक. २०२४ साली सुरू झालेली लाडकी बहीण योजना ६५ वर्षांपर्यंतच आहे. ते वय उलटले की ती थांबते, आणि तिच्या जागी श्रावणबाळ आपोआप लागत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती, इथे २१ हजारांची आहे. हा फरक घरातल्यांनी आधीच ध्यानात ठेवावा.

आणि ज्यासाठी मुख्यत्वे हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. काही घरांत असे चालले आहे, की "आईचे नाव सातबारावरून कमी करू, म्हणजे ती निराधार ठरेल आणि पेन्शन लागेल." असे करू नका. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० हे जमीन नावावर असलेल्या शेतकऱ्याला मिळतात. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे. त्यानंतर मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन चालते, बक्षीसपत्राने आलेली चालत नाही. म्हणजे जिवंतपणी जमीन मुलाच्या नावे केली तर आईचे गेले आणि मुलालाही मिळाले नाही. शिवाय लोणावळा, कार्ला, पवना धरणाच्या काठी जमिनीचे भाव काय झाले आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. एका हक्कसोडपत्रावर अंगठा उमटला की पंधराशे रुपयांच्या आशेने लाखांचा हिस्सा जातो. द्यायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहून द्या. मुलाने मग सांभाळ केला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात तो दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसेल तर हे फार अवघड जाते.

घरकुलाचे थोडक्यात सांगतो. घर कुठल्या हद्दीत आहे ते आधी पाहा. वाकसईत ग्रामपंचायत आहे, तिथे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणची. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत ती लागत नाही, तिथे शहरी योजना. वडगावलाही आता नगरपंचायत आहे. ग्रामीण योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, २०२५ मध्ये राज्याने त्यात भर घालायचे ठरवले, आणि मजुरीचा काही भाग रोजगार हमीतून येतो. मावळातल्या कातकरी कुटुंबांसाठी केंद्राने २०२३ मध्ये जनमन योजना आणली, तीत घराला २ लाख धरले होते. त्या वाडीवरच्या म्हाताऱ्यांना हे कुणी सांगितले आहे का, ते पाहा.

काकीचे घर कुडाच्या भिंतीचे. आमच्याकडचा पाऊस असा, की दर आषाढात एक बाजू लिंपावी लागते. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून तिच्या आजेसासऱ्याचे नाव होते. नाव लावायला भावकीची संमती लागली आणि त्यातच एक वर्ष गेले. हप्ते कामाची पायरी पाहून मिळतात. म्हातारे माणूस एकटे असेल तर गवंडी पाया घालून दुसऱ्या कामाला निघून जातो, फोटो होत नाही, हप्ता अडकतो. त्यामुळे घरकुल मंजूर झाले की भावकीतल्या एका तरण्या माणसाने ते काम स्वतःच्या घराचे समजून अंगावर घ्यावे. ग्रामसभेत यादी वाचतात त्या दिवशीही त्यानेच हजर राहावे. अर्जासाठी कुणी एजंट पैसे मागू लागला तर त्याला ओटीवरूनच परत पाठवा.

पेन्शन लागले तरी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे बंद. भात लावून लावून काकीच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र ठसा घेत नाही. फंडाच्या पेन्शनला आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो. टपाल खात्याचा पोस्टमनही घरी येऊन तो काढून देतो. तालुक्याच्या अनुदानाचा दाखला तहसील कचेरीत वेगळा द्यावा लागतो. एक दिला म्हणजे दुसरा झाला, असे समजू नका.