आधी जागा, मग मायक्रोफोन

दरवर्षी सप्ताहाचे दिवस जवळ आले की महाविद्यालयातील दोन-चार मुले माझ्याकडे येतात. "सर, गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करायचे आहे. प्रीॲम्प कोणता घेऊ?" मायक्रोफोनमधून येणारा दुबळा विद्युत संकेत मोठा करणारे पहिले वर्धक म्हणजे प्रीॲम्प. बाजारात तो शेकडो प्रकारचा मिळतो आणि महागड्या यंत्राने आवाज आपोआप चांगला येतो अशी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. ती कशी मोडली ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे हरिनाम सप्ताहातील भजन मुद्रित करण्याचे मी ठरविले. मित्राकडून उत्तम कंडेन्सर मायक्रोफोन आणि तेवढाच उत्तम प्रीॲम्प उसना आणला. सर्वांचा आवाज सारखा यावा म्हणून मंडळाच्या मधोमध स्टँड उभा केला. एक टाळकरी मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर होता. मुख्य गायक, सत्तरी उलटलेले एक शेतकरी, सहा हातांवर होते. पहिला अभंग संथ होता. त्यावरून अंदाज घेऊन मी प्रीॲम्पचे वर्धन १०० पट ठेवले आणि निर्धास्तपणे मांडी घालून बसलो. भजन रंगले, मृदंग चढला, टाळ जोरात वाजू लागले.

दुसऱ्या दिवशी सर्वांना मुद्रण ऐकविले. टाळांचा फाटका कर्कश नाद आणि त्याखाली कुठेतरी दबलेले गाणे! म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "सर, याच्यात माहा आवाज कोठी हाये?" पुढच्या वर्षी नीट करू, असे मी म्हणालो. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाला ते राहिले नव्हते.

आता चूक कुठे झाली ते आकड्यांत पाहू. ध्वनीचा दाब पास्कलमध्ये मोजतात. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबेल. दाब दसपट झाला की २० डेसिबेल वाढतात. तो मायक्रोफोन १ पास्कल दाबाला सुमारे २० मिलिव्होल्ट देत होता. सहा हातांवरच्या गायकाचा दाब ०.१ पास्कल धरा. म्हणजे २ मिलिव्होल्ट. त्याचे १०० पट ०.२ व्होल्ट, अगदी ठीक. पण हातभर अंतरावरचा टाळ जोरात वाजला की दाब सहज १० पास्कलपर्यंत जाऊ शकतो. त्याचे झाले २०० मिलिव्होल्ट आणि १०० पटीने २० व्होल्ट! एवढा व्होल्टेज देण्याची त्या यंत्राची ताकदच नव्हती. त्यामुळे प्रत्येक तरंगाचा माथा कापला गेला. कापलेला माथा नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. यंत्र चांगले होते, चूक माझी होती.

महाग प्रीॲम्पचा मुख्य गुण सांगितला जातो तो हा की त्याची स्वतःची खरखर कमी असते. ते खरे आहे. पण त्याचा उपयोग किती? १५० ओहम रोधाच्या कोणत्याही वस्तूत इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट एवढी खरखर असतेच. जगातील कोणताही प्रीॲम्प तिच्याखाली नेऊ शकत नाही. साधा प्रीॲम्प तिच्या तिप्पट, म्हणजे ०.७ मायक्रोव्होल्टच्या आसपास भर घालतो असे धरा. आता देवळातला पंखा आणि माणसांची कुजबुज मिळून ५० डेसिबेल धरा. १९६६ पासून जगभर वापरला जाणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा मायक्रोफोन १ पास्कलला १.८५ मिलिव्होल्ट देतो. त्यातून त्या पंख्या-कुजबुजीचे सुमारे १२ मायक्रोव्होल्ट येतील. म्हणजे साध्या प्रीॲम्पच्या खरखरीच्याही १५ पटींहून अधिक! प्रीॲम्पवर हजारो रुपये घालण्याआधी पंखा बंद करा. त्याला काहीच खर्च नाही.

म्हणून माझे मत असे: आधी जागा ठरवा, मग मायक्रोफोन निवडा, प्रीॲम्पचा विचार सर्वांत शेवटी करा.

जागेचा नियम सोपा आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की दाब निम्मा होतो. मायक्रोफोन गायकाच्या तोंडापासून एका विताच्या अंतरावर आणि टाळकरी सहा हात दूर ठेवा, यंत्र न बदलता चित्र पालटते.

आता प्रकार. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा दणकट असतो आणि त्याचा संकेत लहान असल्याने गोंगाटाच्या ठिकाणी सोयीचा पडतो. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये पडदा हीच धारित्राची एक पट्टी असते. तो बारकावे उत्तम टिपतो, पण त्याला बहुधा प्रीॲम्पकडून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. भर सप्ताहात मी पहिला निवडीन. शांत खोलीत एकट्या वीणेसाठी दुसरा. तिथे मात्र प्रीॲम्पच्या खरखरीचा विचार जरूर करावा.

मायक्रोफोनची दिशाही पाहा. हृदयाकृती जातीचा मायक्रोफोन समोरचे पूर्ण ऐकतो, बाजूचे निम्मे आणि पाठीमागचे जवळजवळ नाही. म्हणून त्याची पाठ कर्ण्याकडे किंवा टाळकऱ्यांकडे करावी.

आणि मायक्रोफोनची गर्दी करू नका. एकच आवाज दोन मायक्रोफोनांत ३४ सेंटिमीटरच्या फरकाने पोचला तर एक सहस्रांश सेकंदाचा उशीर होतो. दोन्ही संकेत सारख्याच जोराचे असतील तर ते एकत्र केल्यावर ५००, १५००, २५०० हर्ट्झचे स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. गायकापासून पहिला मायक्रोफोन जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्ये असावे.

एवढे करून वर्धन ठरविताना सर्वांत जोराचे भजन आधी म्हणवून घ्या आणि त्याच्याही वर मोकळी जागा सोडा. मी नेमके हेच केले नव्हते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. ध्वनीचा धडा शिकवून झाला की मुलांना गावातल्या भजनी मंडळाकडे, गोंधळ्याकडे, जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आजीकडे पाठवा. परवानगी घेऊन मुद्रण करू द्या. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवायला सांगा. महागडा संच नाही म्हणून थांबू नका. मोबाइल असेल तर तोही चालेल, फक्त तो कर्ण्यासमोर न ठेवता गाणाऱ्यासमोर ठेवा.

उसना प्रीॲम्प मला पुन्हा मिळाला असता. तो आवाज मिळाला नाही.