कच्च्या लिंबांनी खेळायचं कुठे?

माझा मावसभाऊ अमेरिकेत एमएस करतोय. तिथल्या सायक्लोक्रॉस नॅशनल्समध्ये कॉलेजांचा वेगळा गट असतो. दादा मित्रांसोबत त्यात उतरला. सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू, चढ आणि वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंच आडव्या फळ्या. जमलं तर उडी मारा, नाहीतर सायकल खांद्यावर टाकून पळा! फार मागे पडलात, तर पंच शर्यतीतून बाहेर काढतात. दादालाही काढलं. मग तसाच चिखलानं माखलेला तो दोरीपाशी उभा राहून मित्रांसाठी घसा बसेपर्यंत ओरडला.

आपल्याकडे सिलेक्शनमध्ये नाव गळालं, की पोरगं ग्राउंडवर परत दिसत नाही. टीममध्ये सगळ्यांना घेता येत नाही, मान्य. पण निदान इंटरक्लासला कच्च्या लिंबांचा एक गट ठेवा ना! पहिलं नाव माझं लिहा.