पाच दिवस हात लावू नका

माझी मावसबहीण लग्नानंतर इचलकरंजीहून सुरतेला गेली. घरचे यंत्रमागावर, बिऱ्हाड कोसाडला. स्तनाच्या कर्करोगानंतर पोटावरचे मांस व कातडी घेऊन तिचा स्तन पुन्हा उभा केला होता. आता उरले होते बोंडाभोवतालचे गडद वर्तुळ. त्यासाठी जांघेतली कातडी घेतात, ती मुळातच सावळी असते. सोबतीला मी गेले होते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या. छातीवर कापसाचा एवढा बोळा आणि वर दोऱ्यांच्या गाठी पाहून त्यांचा जीव कासावीस झालेला. "किती आवळलंय, जरा सैल करू या." त्या निपाणीकडच्या, म्हणून मी त्यांच्याच बोलीत ओरडले, "अत्ती, मुट्टब्याड्री!"

भगिनींनो, त्या गाठींना कारण आहे. लावलेल्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालून पाझरणाऱ्या द्रवावरच जगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला येऊन मिळतात. तेवढ्यात ती सरकली, किंवा खाली रक्त साचले, तर तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही आणि कातडी मरते. म्हणून कडेच्या टाक्यांचे दोरे लांब ठेवतात. आत न चिकटणारी पॅराफिनची जाळी, त्यावर ओला कापूस, आणि ते दोरे वरून बांधून टाकतात. मधले बोंड चेपू नये म्हणून तिथे भोक ठेवतात. आमच्याकडे रुखवताची वाटी बांधतात तसेच म्हणा ना!

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या कावसजी गाडीवानाच्या नव्या नाकाची हकिगत छापून आली होती. तिथे कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवली होती, म्हणजे रक्त तिच्यासोबतच आले. आपल्या बहिणीच्या पोटावरचे मांसही रक्तवाहिन्यांसकटच आणतात. जांघेच्या तुकड्याला ती सोय नाही.

हा बोळा साधारण पाच ते सात दिवसांनी डॉक्टरच काढतात. तोवर पालथे झोपू नये, घट्ट ब्रा घालू नये, ते भिजवू नये. घाण वास, ताप, पू किंवा कापसातून ताजे रक्त दिसले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. बोळा निघाल्यावर कातडी जांभळट दिसते, वरचा पापुद्राही सुटतो. त्याने घाबरू नये, आणि हळद तेव्हाही लावू नये.