‘जास्त’ म्हणजे किती जास्त?



2024 चे वर्ष सरता सरता आमच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. तपासणीत नायट्रेट जास्त निघाले आणि अनेकांना उत्तर सापडल्यासारखे वाटले. पण खारपाणपट्ट्यात खराब पाणी काही त्याच वर्षी आलेले नव्हते! पुढे 2025 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. तिन्हींत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आढळले, आणि संशय गव्हाकडे वळला.

लघवीतील पॉर्फिरिनचा अहवाल वाचतानाही हाच विवेक हवा. रक्ताला लाल रंग देणारे ‘हीम’ शरीरात आठ पायऱ्यांनी तयार होते. पॉर्फिरिन हा त्यातला अर्धवट तयार माल. एखादी पायरी अडली, की तो साचतो व लघवीत उतरतो. त्यावर जांभळा प्रकाश टाकला, की तो तांबडा चमकतो. त्या चमकेवरून तो मोजता येतो.

समजा, आकडा मर्यादेच्या थोडा वर आला. लगेच ‘पॉर्फिरिया’ हा दुर्मिळ विकार झाला म्हणायचे काय? यकृताचे आजार, मद्यपान, काही औषधे आणि शिशाची विषबाधा यांनीही पॉर्फिरिन वाढते. लघवी दाट असली तर आकडा फुगतो, म्हणून तो क्रिएटिनिनशी ताडून पाहतात. उलट नमुना उजेडात राहिला, तर पॉर्फिरिन नष्ट होऊन आकडा घटतो. पॉर्फिरियामुळे पोटदुखीचा तीव्र झटका आला असेल, तर निर्णायक ठरते ती पॉर्फोबिलिनोजेनची निराळी चाचणी. आणि तेथे वाढ किंचित नसते, कित्येक पट असते.

शिशाच्या कामावरील मजुराला घाईने पॉर्फिरियाचा रोगी ठरवले, तर शिसे तसेच त्याच्या शरीरात जात राहील. चुकीच्या कारणाला दोष दिला, की खरे कारण मोकळे सुटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की शिक्षकांनी प्रयोगवहीतील प्रत्येक आकड्यापुढे तीन प्रश्न विचारायला लावावेत : कशाच्या तुलनेत? किती पट? दुसरा पुरावा कोणता? आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची उलटतपासणी करायला शिकणे, हेच विज्ञानाचे खरे शिक्षण.